वाटणीचा हिशेब आणि मराठी नाटकातले काळे हसू



ज्या शाळेच्या फरशीवर बसून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेत व्याख्याता म्हणून उभे राहताना मनात संकोच दाटून येतो. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेच. आम्ही मात्र त्यांना नुसते ‘गुरुजी’ म्हणत आलो आणि आजही मी तेच म्हणणार आहे. दर स्नेहसंमेलनाला गुरुजी आमच्याकडून एक नाटुकले बसवून घेत. रडण्याचा प्रसंग आला की आम्ही मुले गळा काढत असू. गुरुजी तालीम थांबवून म्हणत, “रडवायला काय लागते रे? कांदाही रडवतो. हसवून गप्प करता आले पाहिजे.”

पुढे मराठी नाटक हाच माझ्या अध्यापनाचा आणि पीएच. डी.च्या प्रबंधाचा विषय झाला. तरीही गुरुजींच्या त्या वाक्याचा अर्थ मला पुरता कळायला फार वर्षे लागली. तो मला नाटकांनी थोडा समजावला, आणि उरलेला माझ्या घराने. आजचे व्याख्यान या दोहोंविषयी आहे.

विषय असा. मराठी रंगभूमीवर एक घर पुन्हा पुन्हा उभे राहते. त्या घरात आई किंवा बाप म्हातारा झालेला असतो, नाहीतर नुकताच वारलेला असतो. मुले मोठी, संसारी, आणि एकमेकांपासून तुटलेली असतात. कोणाला काय मिळणार आणि मागे उरलेल्याला कोण सांभाळणार, एवढे दोनच प्रश्न त्या घरात शिल्लक असतात. विषय उघडच रडवण्याचा आहे. परंतु आपल्या काही थोर नाटककारांना त्यात हसू दिसले. इंग्रजीच्या वळणाने आपण त्याला ‘ब्लॅक कॉमेडी’ म्हणतो. मी त्याला काळे हसू म्हणेन. हे हसू कोठून येते आणि ते आपल्याला कोणती गोष्ट दाखवते, याचा शोध घेण्याचा माझा प्रयत्न आहे.

आदिलाबादकरांना वाटणी हा शब्द नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची तीन भाषिक वाटे पडली, तेव्हा मी पहिलीत होतो. आपल्याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो. पैनगंगा तीच राहिली, आणि तिच्या दोन काठांवर दोन सरकारे राहिली. पुढे २०१४ साली तेलंगण झाले, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. नदीच्या दोन काठांवर दोन कायदे असू शकतात, ही गोष्ट मी आता फक्त नोंदवून ठेवतो. तिची गरज आपल्याला पुढे लागणार आहे.

१९७० : एका वर्षातील दोन बाप

मराठी नाटकाच्या इतिहासात १९७० हे वर्ष विलक्षण आहे. त्या वर्षी मे महिन्यात थिएटर युनिटने विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ रंगमंचावर आणले आणि डिसेंबरात गोवा हिंदू असोसिएशनने वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’. ‘गिधाडे’चे दिग्दर्शन डॉ. श्रीराम लागू यांचे होते, आणि ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकरही तेच. पोटच्या पोरांनी बापाला सोलून काढलेले नाटक ज्याने मे महिन्यात बसवले, तोच कलावंत डिसेंबरात पोटच्या पोरांकडून दुखावलेला बाप होऊन उभा राहिला. दोन्ही नाटकांचा विषय एकच आहे. फरक आहे तो प्रेक्षकाला कुठे बसवायचे, याचा.

‘नटसम्राट’ने महाराष्ट्राला रडवले. बेलवलकर आपली सारी मिळकत मुलांना वाटून टाकतात, आधी मुलाच्या आणि मग मुलीच्या घरी राहतात, आणि दोन्हीकडे नकोसे होऊन पत्नीसह बाहेर पडतात. शिरवाडकरांच्या समोर शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ होता, हे सर्वश्रुत आहे. लिअरची गोष्ट सांगताना आपण सहसा वादळ आणि वेड यांवर थांबतो. मला मात्र त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. राज्य वाटून दिल्यावर लिअर ठरवतो की आपण महिन्या-महिन्याने एकेका मुलीकडे राहू आणि सोबत शंभर सरदार ठेवू. थोरली शंभराचे पन्नास करते. मधली म्हणते, पंचवीस पुरेत. मग दहा, मग पाच, आणि शेवटी एक तरी कशाला हवा, असा प्रश्न येतो. चारशे वर्षांपूर्वीच्या या दृश्यावर अजून प्रेक्षागृहात हलके हसू फुटते, कारण ती भाजीबाजारातली घासाघीस आहे. घासाघीस बापाच्या मानाची चालली आहे, हे ध्यानात आले की ते हसू विरते.

आणि ‘महिन्या-महिन्याने’ हा लिअरचा बेत आपल्या गावांना परका आहे काय? आपल्याकडे त्याला ‘बारी’ म्हणतात. आई या महिन्यात कोणाच्या बारीला आहे, असे आपण सहज विचारतो. विचारताना त्यात काही वावगे आहे, असे आपल्याला वाटतही नाही.

‘नटसम्राट’ पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक बेलवलकरांच्या बाजूचा असतो. त्याचे डोळे ओले असतात आणि मन हलके झालेले असते. घरी त्याचीही आई एखाद्या बारीला असेल. पण त्या अडीच-तीन तासांत तो मुलगा नसतो, तो बाप झालेला असतो. ही त्या थोर नाटकाची उणीव मी सांगत नाही. करुणेचा तो स्वभावच आहे. ती आपल्याला दुखावलेल्याच्या शेजारी नेऊन बसवते.

तेंडुलकरांनी ही जागाच काढून घेतली. ‘गिधाडे’तला बाप, हरी पितळे, याने स्वतःच्या भावाला बुडवून धंदा गिळला आहे. रमाकांत, उमाकांत आणि माणिक ही त्याची मुले बाप केव्हा मरतो याची उघड वाट पाहतात आणि बाप त्यांना तितक्याच मोकळेपणाने शिव्या घालतो. दारूच्या बैठकीत मुले बापाला बोलते करून त्याचा दडवलेला पैसा उकरून काढतात. या घरातल्या शिवराळ, निर्लज्ज संवादांना हसू येते. हसू येण्याचे कारण असे की मनातल्या मनात ठेवायची बोलणी ही माणसे जेवणाच्या पानावर वाढावी तशी वाढत जातात. बापाच्या शेजारी बसून रडावे, अशी सोय इथे नाही. मुलांनी बापाशी जे केले, ते बापाने आपल्या भावाशी केलेलेच होते. वाटणी ही त्या घरात वारशाने चालत आलेली विद्या आहे.

हे नाटक लिहून झाल्यावर बरीच वर्षे रंगमंचावर येऊ शकले नव्हते. आले तेव्हा सेन्सॉरने हरकत घेतली ती माणिकच्या साडीवरल्या रक्ताच्या लाल डागाला. तेव्हा तो डाग निळा करण्यात आला, आणि प्रेक्षकांनी तो लालच समजावा, असे प्रयोगापूर्वी जाहीर करण्यात आले. ही हकीगत आपण गंमत म्हणून सांगतो. माझ्या मते ती ‘गिधाडे’वरची उत्तम टीका आहे. घरात जे रक्त सांडते त्याचा रंग बदलून घ्यायचा आणि सर्वांनी समजून घ्यायचे, हाच तर आपल्या घराघरांतला रिवाज आहे.

मेलेल्या बापाचे कीर्तन

चार वर्षांनी, १९७४ साली, पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ केले. काळ्या विनोदाचा मराठीतला इतका निखळ नमुना दुसरा दाखवणे कठीण. चाळीत राहणारे भाऊराव नाटकाच्या आरंभीच मरतात आणि मेल्यावर बोलू लागतात. आपल्याला जुन्याच स्मशानात जाळावे, असा त्यांचा हट्ट आहे, आणि ते स्मशान तर आता बंद झाले आहे. मुलगा नाना या हट्टाच्या कात्रीत सापडतो. हा सारा प्रकार आळेकरांनी कीर्तनाच्या आणि आख्यानाच्या चालीवर रचला. ज्या चालीत आपण संतांची चरित्रे ऐकली, त्या चालीत एका सामान्य प्रेताची अडचण ऐकताना हसू आवरत नाही.

या नाटकात भावंडांची वाटणी नाही, नाना एकटाच आहे. तरी मी त्याचा समावेश करतो, कारण आईबापांच्या पश्चात उरणारे कर्तव्य म्हणजे नक्की काय, हा प्रश्न त्याने विचारला. आपण विधी नीट पार पाडतो, माणसे जमवतो, जेवणे घालतो. या धांदलीत मेलेला माणूस मात्र बाजूलाच राहतो. भाऊरावांना तेवढ्यासाठी उठून बोलावे लागले.

पैनगंगेपलीकडचा वाडा

आता मी आपल्या शेजारच्या घराकडे येतो. महेश एलकुंचवार यांचा जन्म १९३९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या पारवा या गावी झाला. पारवा आपल्यापासून फार दूर नाही, पैनगंगा ओलांडली की त्याच मुलखात आपण शिरतो. तीच काळी जमीन, तोच कापूस, तीच देशमुखी-देशपांडेपणाची सावली. त्यांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली कलावैभव या संस्थेने रंगमंचावर आणले, दिग्दर्शन विजया मेहता यांचे. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी वारले आहेत. थोरला भास्कर आणि त्याची बायको यांच्या हाती घर आहे. मधला सुधीर मुंबईहून बायको अंजलीसह दिवसकार्याला आला आहे. अंगणात एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. वाडा मोडकळीला आला आहे, पण तेरवी मात्र घराण्याच्या इतमामाला साजेशी झाली पाहिजे. त्यासाठी पैसा कोणी घालायचा आणि वाड्याचा कोणता भाग विकायचा, यावर नाटक चालते.

‘वाडा’ला कोणी ब्लॅक कॉमेडी म्हणणार नाही, आणि तसा माझा आग्रहही नाही. परंतु मी हे नाटक तेव्हाच्या औरंगाबादेत प्रथम पाहिले, तेव्हा प्रेक्षागृहात वारंवार हशा पिकत होता, आणि हसणाऱ्यांत मी पुढे होतो. कर्ज काढून घातल्या जाणाऱ्या जेवणावळीला आम्ही हसलो. मुंबईकर भावाच्या अवघडलेपणाला हसलो. पोत गेलेल्या घराण्याच्या ताठ्याला हसलो. आम्ही सारे ओळखीला हसत होतो. हा आपलाच भाऊ, ही आपलीच वहिनी, हे आपलेच पितर.

नाटक संपल्यावर मात्र माझ्या मनात दोनच माणसे राहिली, आणि ती दोघेही हिशेबाला बसलेल्यांतली नव्हेत. धाकटा चंदू घरातली सगळी हलकी कामे उपसतो. त्याचा पाय दुखावलेला आहे आणि त्याकडे पाहायला कोणाला सवड नाही. बहीण प्रभा बुद्धीची तेज, पण बापाने तिचे पुढचे शिक्षण थांबवले, आणि ती त्याच भिंतींत प्रौढ झाली. भास्कर म्हणू शकतो की मी घर सांभाळले. सुधीर म्हणू शकतो की मी लांब राहून माझे मिळवले, कोणाकडे मागितले नाही. चंदूने आणि प्रभाने काय म्हणायचे? तेरवीच्या पंगतीचा हिशेब मांडता येतो, सोन्याचा मांडता येतो, वाड्याच्या खणांचा मांडता येतो. माणसाने कोणासाठी तरी घातलेली वर्षे कोणत्या खात्यात धरायची, याची रीत वाटणीच्या विद्येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या साऱ्या नाटकांतले काळे हसू येथूनच येते. वही काटेकोर असते आणि तिच्यात मुख्य रक्कमच धरलेली नसते.

१९९४ साली ‘आविष्कार’ने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही त्रिनाट्यधारा सलग सादर केली. सुमारे नऊ तासांच्या त्या प्रयोगाने मराठी प्रेक्षकाला एका घराची दोन पिढ्यांची वाटचाल एका बैठकीत दाखवली. हे १९९४ साल आपण ध्यानात ठेवावे.

दोन काठ, दोन कायदे

साहित्याच्या अभ्यासकाने कायद्यात शिरू नये, असे मी फार वर्षे मानत आलो. माझ्या एका विद्यार्थिनीने तो समज मोडला. ती हकीगत पुढे येईलच. आधी कायदा थोडक्यात सांगतो.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वारस केले. तरी वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतःच हक्क होता तो मुलांनाच. त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने राहत्या घराविषयी आणखी एक बंधन घातले. कुटुंब ज्या घरात राहते त्याची वाटणी पुरुष वारस करीपर्यंत मुलीला ती मागता येत नसे. मुलगी अविवाहित, विधवा अथवा नवऱ्यापासून विभक्त असेल तर तिला तेथे राहण्याचा अधिकार असे, एवढेच. म्हणजे प्रभा वाड्यात राहू शकत होती, वाड्याची वाटणी मागू शकत नव्हती. एलकुंचवारांनी हे कलम डोळ्यांसमोर ठेवून लिहिले असे मी म्हणत नाही. पण त्या कलमात माणूस कसा राहतो, याचे चित्र त्यांनी काढले आहे.

आता पैनगंगेच्या या काठाकडे पाहू. आंध्र प्रदेशाने केलेल्या दुरुस्तीप्रमाणे ५ सप्टेंबर १९८५ पासून तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क मिळाला. ज्या वर्षी ‘वाडा’ रंगमंचावर आला, त्याच वर्षी. महाराष्ट्राने अशीच दुरुस्ती केली ती २२ जून १९९४ पासून, म्हणजे त्रिनाट्यधारेच्या वर्षी. संपूर्ण देशासाठी हा हक्क २००५ साली आला आणि २३ वे कलमही तेव्हाच गेले. धरणगावच्या प्रभाला जे १९८५ मध्ये मिळू शकत नव्हते, ते नदीच्या अलीकडे आदिलाबादच्या एखाद्या अविवाहित लेकीला त्याच वर्षी मिळालेले होते. फक्त तिला ते कोणी सांगितले नव्हते.

आमची वही

असली एक लेक माझ्या घरात होती. इतिहासाच्या व्याख्यानात स्वतःच्या घरचे आणू नये, हा संकेत मला ठाऊक आहे. पण इतरांच्या घरांचे पडदे वर करून आपल्या घराचा खाली ठेवणे या वयात बरे वाटत नाही.

आम्ही तीन भावंडे. थोरला भाऊ, मग अक्का, आणि मी शेंडेफळ. अक्का याच शाळेत सातवीपर्यंत शिकली आणि पहिली आली. १९५९ साली वडिलांनी तिला शाळेतून काढले. तेव्हा गुरुजी आमच्या घरी आले होते. मी ओसरीवर गोट्या खेळत होतो. गुरुजी तासभर बसले. वडिलांनी त्यांना चहा दिला, दारापर्यंत पोचवले आणि अक्काला आत हाक मारून जनावरांचे पाणी पाहायला सांगितले. मला मात्र त्यांनी पुढे शिकायला पाठवले. अक्काचे लग्न जमले नाही. त्याची कारणे सांगण्यात आता अर्थ नाही.

वडील १९८९ मध्ये गेले. आईसाठी आम्ही बाऱ्या ठरवल्या. वर्षातले चार महिने भावाकडे, चार माझ्याकडे, आणि उरलेले चार जुन्या घरी अक्काजवळ. आई १९९६ मध्ये गेली. सात वर्षांचे माझे अठ्ठावीस महिने होतात. मी आज प्रामाणिकपणे मोजतो, तेव्हा त्यांतले अकरा भरतात. कधी मुलांच्या परीक्षा होत्या, कधी भाड्याचे घर बदलायचे होते, कधी मला चर्चासत्राला जायचे होते. भावाचे भरलेले महिने माझ्याहून फार जास्त नसतील. उरलेली सगळी वर्षे अक्काची. शेवटच्या दीड वर्षात आई अंथरुणाला खिळली होती. ते अर्थात कोणाच्याच बारीत बसत नव्हते.

आईच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी भावाने लाल कापडी बांधणीची वही काढली. ‘आईचा खर्च’ असे वर लिहिलेले. डॉक्टर, औषधे, दूध, रिक्षाभाडे, सारे तारखेसह. त्यांतली निम्मी रक्कम माझ्याकडे निघत होती. मी म्हणालो, आईला न्यायला-आणायला झालेले माझे प्रवासभाडे वजा करा. भाऊ म्हणाला, ते तुझे तू स्वखुशीने केलेस. दोघेही पेन्शनला लागण्याच्या वयाकडे झुकलेले, दोघेही बरे मिळवणारे, आणि आम्ही एक तासभर आईच्या रिक्षाभाड्यावर भांडलो. अक्का चहा ठेवून गेली. त्या वहीत तिचे नाव एकदाही आले नव्हते.

पुढच्या वर्षी, १९९७ मध्ये, घर आणि शेत दोघा भावांच्या नावे करायचे ठरले. अक्काने हक्कसोडपत्र द्यावे, हे कोणी ठरवलेही नाही, ते धरूनच चालले होते. कागद तेलुगूत होता. तो मला नीट वाचता येत नव्हता आणि अक्काला तर मुळीच नाही. तिने सुवाच्य मराठीत सही केली, सातवीत पहिली आलेल्या मुलीची सही. कचेरीच्या पायऱ्या उतरताना ती आम्हा दोघांकडे पाहून म्हणाली, “मंग आता माही बारी कोणाकडं?”

आम्ही हसलो. भाऊ मोठ्याने हसला, मीही हसलो. अक्काही हसली. इतक्या वर्षांत मी अनेक नाटके पाहिली, पण त्याहून काळा विनोद मी ऐकला नाही. आणि तो कळायला मला, मराठी नाटकाच्या डॉक्टरला, एक वर्ष लागले.

१९९८ साली मी एम. ए.च्या वर्गाला ‘वाडा चिरेबंदी’ शिकवत होतो. प्रभाच्या कोंडमाऱ्यावर मी दोन तास बोललो. तास संपताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण प्रभाचा हिस्सा किती?” मी म्हणालो, आपण साहित्य शिकतो आहोत, कायदा नाही. वर्गात थोडा हशा झाला. ती मुलगी हसली नाही. मी घरी आलो आणि एका वकील मित्राला विचारले. आंध्रातील अविवाहित मुलीला १९८५ पासून काय मिळाले होते, ते मला तेव्हा प्रथम कळले. अक्काने कचेरीत सोडली ती भावांनी घातलेली भाकर नव्हती. तो आमच्या बरोबरीचा वाटा होता.

मी भावाला पत्र लिहिले की आपण तो परत करू. त्याने उत्तर दिले की तू शहाणा झालास, तेव्हा तुझा तू दे. २००१ मध्ये मी घरातला माझा भाग बक्षीसपत्राने अक्काच्या नावे केला. ज्या खोल्या ती आधीपासून झाडत-सारवत होती, त्यांचाच कागद मी तिला नेऊन दिला. याला औदार्य म्हणू नये. तिने तो कागद देवघरात हळदीकुंकवाच्या करंड्याखाली ठेवला आणि मला विचारले, जेवून जाणार ना? अक्का २०१२ मध्ये गेली. त्या पत्रापासून भावाचे आणि माझे बोलणे नाही. तो याच गावात आहे. आम्ही दोघेही आता म्हातारे आहोत, आणि बाऱ्यांचा विषय आमच्या मुलांच्या घरांत निघू लागला असेल.

उपसंहार

मित्रहो, ‘नटसम्राट’पासून ‘युगान्त’पर्यंतच्या या वाटचालीकडे मी आज मागे वळून पाहतो, तेव्हा एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. रडवणारे नाटक आपल्याला दुखावलेल्याची बाजू देते. काळ्या हसूचे नाटक आपल्याला बाजूच देत नाही. ते आपल्याला हिशेबाला बसलेल्यांच्या पंगतीत बसवते, ओळखीचे हसू हसवते, आणि मग चहा ठेवून जाणाऱ्या माणसाकडे पाहायला लावते. गुरुजी म्हणत ते हसवून गप्प करणे म्हणजे हे असावे. गुरुजींनी ते नुसते तालमीत सांगितले नाही. १९५९ साली ते आमच्या ओसरीवर तासभर बसून गेले, ते चहा ठेवून जाणाऱ्या त्याच माणसासाठी.

आज येथे जमलेल्या तरुण माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी लवकरच एखादी वही उघडली जाईल. कायदा आता दोन्ही काठांवर एक आहे आणि बहिणीचा वाटा त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. तरी सहीसाठी कागद पुढे सरकवला जातो आणि बहीण सही करते, हेही मी पाहतो. तो कागद तिला वाचून दाखवा, तिच्या भाषेत. आणि हिशेब मांडायला बसाल, तेव्हा आधी विचारा की वर्षे कोणाची गेली.

हे व्याख्यान संपल्यावर मी भावाच्या घरी जाणार आहे. त्याने दार उघडले तर मी त्याला एवढेच मागणार आहे की ती लाल वही एकदा दाखव. शेवटच्या पानावर मला एक नाव लिहायचे आहे, आणि त्याखाली त्याची व माझी, दोघांची सही हवी आहे.